नरकासुराचा पहारा

इराचं हॅलोविन अण्णांना समजावून सांगायला मकरंदला दोन वाक्यं पुरली. संध्याकाळी पुढच्या अंगणात भुतंखेतं मांडायची, मुलं सोंगं घेऊन दारोदार येतात, त्यांना लॉली, म्हणजे गोळ्या-चॉकलेटं, द्यायची. अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली. "म्हणजे नरकासूरच की," ते म्हणाले. "मग एवढं कसलं टेन्शन घेताय?"

टेन्शन मी आणि मकरंद, आम्ही नवराबायको, आमच्या इरामुळे घेत होतो. ती तेव्हा सात वर्षांची. घरात मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत यायचं. आणि इथे ऑकलंडमध्ये, मनुरेवाच्या शाळेत घातल्यावर ते इंग्रजीही बंद झालं. कितीतरी महिने ती वर्गात बोललीच नाही. बाईंनी एकदा मला बाजूला घेऊन अगदी हळुवारपणे विचारलं होतं, तिला ऐकू नीट येतं ना. मी रात्रीचा स्वयंपाक करताना तिच्या पाठीमागून हळू आवाजात "चॉकलेट" म्हणून बघितलं होतं. ऐकू छान येत होतं.

मग शेजारच्या लोसानं एके दिवशी मधल्या सुट्टीत तिचा हात धरला आणि तो सोडलाच नाही. लोसा एक शब्द बोलायची, इरा अर्धा. अर्ध्याचा एक झाला, एकाचे चार झाले. आमच्या दोन घरांमधल्या कुंपणाची एक फळी निखळलेली होती. त्या फटीतून दोघी दिवसभर ये-जा करायच्या. इराला दुसरी मैत्रीण नव्हती. तिला तशी गरजही वाटत नव्हती, पण मला आई म्हणून रोज वाटायचं की सगळी शिदोरी एकाच फांदीला टांगलीय.

त्यात तिनं लायब्ररीतून हॅलोविनचं पुस्तक आणलं आणि जाहीर करून टाकलं की आमच्या अंगणात या वर्षी 'स्पूकी यार्ड' होणार. वर्गात सांगितलं म्हणे. तिनं, वर्गात, स्वतःहून. म्हणजे आता ते झालंच पाहिजे होतं.

अण्णा, म्हणजे गुरुनाथ, माझे सासरे. वेंगुर्ल्याचे, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही त्यांना इकडे आणलं. आल्यापासून ते खिडकीत बसून असायचे. रस्त्यावरून माणसं का जात नाहीत, हा त्यांचा मुख्य प्रश्न. पण नरकासूर म्हटल्यावर त्यांच्या अंगात वारं शिरलं. मी पुण्याची. आमच्याकडे नरकासूर म्हणजे नरकचतुर्दशीला अंघोळीआधी अंगठ्याखाली फोडायचं कारीट. इथे कारीट कुठलं, म्हणून मी आदल्या वर्षी चेरी टोमॅटो ठेवला होता, त्याचं बी उडालं ते थेट मकरंदच्या नव्या टॉवेलवर. अण्णांच्या तळकोकणात मात्र वाडीवाडीत नरकासूर उभा करतात. माणसापेक्षा मोठा. रात्रभर मिरवतात आणि चतुर्दशीच्या पहाटे जाळतात. त्या वर्षी, दोन हजार पाच साली, हॅलोविनची संध्याकाळ संपली की दुसऱ्याच पहाटे नरकचतुर्दशी होती. अण्णांना ह्यात योगायोग दिसत नव्हता. त्यांच्या मते गोऱ्या लोकांनीच कधीतरी तारखेत थोडी गडबड केली असणार.

जाळण्याचं मकरंदनं पहिल्याच दिवशी मोडून काढलं. अंगणात जाळता येत नाही, शेजारी फायर ब्रिगेडला फोन करतील. बापलेक आपसात मालवणीतच बोलायचे.

"जो जळना नाय, तो नरकासूर कसलो रे?"

"ऑकलंडचो," मकरंद म्हणाला, आणि विषय मिटला. सणानंतर हातानं मोडायचा असं ठरलं.

पलीकडच्या रस्त्यावर एका घरासमोर 'बांबू फुकट, तुमचा तुम्ही तोडा' अशी पाटी होती. शनिवारी मकरंदनं गाडीच्या टपावर बांबू बांधून आणले. अण्णांनी ते चिरले, कामट्या काढल्या, सुतळीनं सांगाडा बांधला. पोटासाठी माझी तुटकी लाँड्री बास्केट. गवत मिळेना, तर लोसानं फ्लॅक्स नावाच्या इथल्या झुडपाची लांब पाती आणली आणि आजीनं शिकवलेल्या वेण्या घालून त्याचे केस केले. मी मैद्याची खळ शिजवली. फुकट येणाऱ्या स्थानिक पेपरचे थर त्या खळीत बुडवून दोघी मुली त्याच्या अंगावर थापत होत्या, आणि इराचा धाकटा भाऊ, आठ महिन्यांचा श्रीनाथ, माझ्या कडेवरून ती खळ चाटायला झेपावत होता. दात अंड्यांच्या ट्रेचे. जीभ म्हणजे अण्णांची तुटलेली लाल जँडल, इथली रबरी चप्पल. भोपळा कोरायचाही प्रयत्न झाला, पण इथला करड्या सालीचा भोपळा दगडासारखा. माझी सुरी वाकली, भोपळा नाही. त्याची भाजी केली.

अण्णा मुलींशी कुठल्या भाषेत बोलायचे देव जाणे. पोस्टातलं इंग्रजी, मालवणी आणि हातवारे. "चेडवा, होल्ड धिस. टाइट. अगो टाइट." लोसा त्यांना 'अन्ना' म्हणायची. लोसाच्या आजीला सगळी मुलं 'नाना' म्हणतात हे कळल्यावर अण्णा दिवसभर आपल्याशीच हसत होते, कारण वेंगुर्ल्यातला त्यांचा सख्खा मित्र मिशाळ नाना. सासूबाई गेल्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. श्रीनाथ झोपला की मी खिडकीशी बसायची आणि त्या तिघांकडे बघत राहायची. घरात असा आवाज असला की मला आपोआप बरं वाटतं.

लोसाची ही आजी म्हणजे सेफिना. सामोआतून तरुणपणी आलेली, उंच, रुंद, रविवारी पांढरी हॅट घालून चर्चला जाणारी. लोसाची आई एअरपोर्टवर शिफ्टमध्ये काम करायची, त्यामुळे लोसा आजीचीच. आजोबा, म्हणजे तिचे पापा इओआने, आदल्या हिवाळ्यात गेले. चर्चमध्ये ते इतक्या मोठ्यानं गायचे की पुढच्या ओळीतली माणसं मागे वळून बघायची, असं सेफिनानं मला सांगितलं होतं. राक्षस बघून ती कुंपणापाशी उभी राहिली. तिच्या चर्चला हॅलोविन पसंत नाही, हे तिनं स्पष्ट सांगितलं. मग बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली की हा कुरूप माणूस तिच्या एका दिरासारखा दिसतो. लोसाला काम करू दिलं. फक्त हॅलोविनच्या संध्याकाळी ती दारोदार फिरणार नाही, एवढं बजावलं.

पुस्तकात थडगी होती. नव्या टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल पडून होता, त्याचे मुलींनी तीन उभे दगड कापले, करडा रंग दिला. दोन दगडांवर विनोदी नावं होती, मिस्टर बोन्स आणि असलंच काहीतरी. तिसरा लोसानं केला. अक्षरं इरानं काढून दिली, कारण लोसाचा एस उलटा यायचा. त्यावर लिहिलं होतं, 'पापा इओआने. ही सँग लाऊड.' दोघींनी तो नरकासुराच्या अगदी पायाशी रोवला. मी श्रीनाथला भरवत होते. लांबून तीन दगड दिसले, नाव वाचलं नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी अण्णा लवकर उठले. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. त्यांना दार झाडून, सडा घालून, रांगोळीची जागा करायची होती. राक्षस ठीक होता, राक्षस आपलाच होता. पण दारात थडगी? दिवाळीत, लक्ष्मीच्या वाटेवर, घरात तान्हं मूल असताना? मला पुढे म्हणाले, "मुलांचा खेळ, म्हणून आदल्या दिवशी बोललो नाही. रात्रभर डोळा लागला नाही." त्यांनी तिन्ही दगड उपटले, गुडघ्यावर मोडले आणि कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून घराच्या कडेला ठेवले. नाव वाचलंही असेल. त्यांना तेही पहिल्या दोन नावांसारखंच गमतीचं वाटलं.

दुपारी लोसा फटीतून आली. थेट नरकासुराच्या पायाशी गेली, तिथली भोकं बघितली. मग इकडेतिकडे शोधलं. पिशवीतून एक करडा तुकडा बाहेर आला होता. तिनं गाठ सोडली, एकेक तुकडा काढून टी-शर्टच्या ओच्यात घेतला, आणि ओरडली नाही, रडली नाही, आमच्याकडे बघितलंही नाही. फटीतून गेली. पलीकडून कोणीतरी ती फळी जागेवर उभी करून मागे झाडाची कुंडी सरकवली. आवाज आला मला.

इरानं अण्णांना विचारलं, मराठीत, जे ती कधी करत नाही, "तुम्ही पापाला का तोडलं?"

अण्णांना आधी कळेना. मग तिनं मला सांगितलं आणि मी त्यांना. इओआने कोण, हे कळल्यावर ते पायरीवर बसले. जेवायला आत आले नाहीत. इरा तिच्या खोलीत गेली आणि संध्याकाळी बाहेर आली ती एवढंच सांगायला की आता काहीच मांडायचं नाही, हॅलोविन कॅन्सल. शाळेत सोमवारी काय सांगशील, असं मकरंदनं विचारलं, तर म्हणाली, "नथिंग. आय वोंट टॉक." ते तिला जमतं हे आम्हाला चांगलं माहीत होतं. त्या घरात एक वर्ष आम्ही ज्याची वाट पाहिली होती, ते एका सकाळच्या झाडलोटीत गेलं होतं, आणि झाडणाऱ्याला बोल लावावा तर त्यांनीही घरातल्या मुलांसाठीच झाडलं होतं.

रविवारी चर्चहून गाडी परत आली, सेफिनाच्या मागच्या अंगणातून उमूचा, तापल्या दगडांवर भाजणाऱ्या अळकुड्यांचा वास यायला लागला, जेवणं झाली असतील एवढा वेळ अण्णांनी जाऊ दिला. मग इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाले, "चल. माझं इंग्रजी कमी पडलं तर सांग." श्रीनाथला घेऊन मी निघाले. इरा न सांगता मागून आली.

सेफिना दारात खुर्ची टाकून बसली होती, पायाशी चटई. चटईवर दगडाचे तुकडे जुळवून मांडलेले, नकाशा मांडावा तसे. अण्णा पायरीच्या खालीच थांबले.

"मॅडम," ते म्हणाले, "आय ब्रोक युवर हजबंड्स स्टोन. आय डिड नॉट नो. बट आय ब्रोक इट."

सेफिना त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं मला बसायला खूण केली आणि सावकाश सांगायला लागली. तिच्या गावात आईबाप घराच्या पुढ्यातच असतात. दारासमोर थडगं, सिमेंटचं, चुन्यानं पांढरं रंगवलेलं. मुलं त्यावर बसून भात खातात, बायका त्यावर कपडे वाळत घालतात, जाता-येता माणूस त्यांना सांगून जातो की बाजारात चाललोय. कोणी गेलं म्हणून घर सोडत नाही. इथे ते चालत नाही. इथे इओआने हायवेजवळच्या मोठ्या दफनभूमीत आहे आणि संध्याकाळी फाटक बंद होतं. लोसा प्रत्येक वेळी विचारते, पापाला रात्री तिथे एकट्याला का ठेवतात.

मी हे अण्णांना मराठीत सांगितलं. त्यांना बहुतेक कळलं होतं, तरी त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग लोसानं तो हिच्याच दारात का नाही लावला?" त्यांनी मला विचारायला सांगितलं.

सेफिनानं खांद्यावरून आत बघितलं. दाराच्या आड लोसा उभी होती, तिचे पाय दिसत होते. उत्तर लोसानंच दिलं, दाराशीच बोलावं तसं, आणि ते इंग्रजी इतकं साधं होतं की अण्णांनाही पुन्हा सांगावं लागलं नाही. आमच्याकडे तो राक्षस होता. तो रात्रभर जागा असतो. तिच्याकडे रात्री सगळे झोपतात.

श्रीनाथ सेफिनाच्या हातातला पंखा ओढत होता. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मराठीत, कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "आमच्यात गेलेल्या माणसाला वाट दाखवतात, आणि सांगतात, मागे वळून बघू नकोस. मी इराच्या आजीला तसंच सांगितलं. दारात ठेवायचं कोणी सुचवलंच नाही."

हे मी भाषांतर करून सांगितलं नाही. सेफिनानं विचारलंही नाही. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघून समजली असावी, कारण तिनं खुर्ची सरकवली आणि अण्णांना वर येऊन सावलीत बसायला सांगितलं. "इट्स ओन्ली फोम, मिस्टर गुरुनाथ," ती म्हणाली. आणि मग, आवाज न बदलता, "बट शी इज सेव्हन."

अण्णांनी दगड जोडून द्यायची परवानगी मागितली. सेफिना म्हणाली, ते माझ्या हातात नाही, तिला विचारा. दाराआडून उत्तर आलं, "नॉट हिम."

अण्णांनी मान हलवली. खिशातून बांबूच्या बारीक सळ्या काढल्या, राक्षसाच्या बोटांसाठी तासून ठेवलेल्या, आणि इराच्या हातात दिल्या. तिनंच त्या दुपारी दगड जोडला. एका तुकड्यात सळी खुपसायची, दुसरा तुकडा तिच्यावर दाबायचा, वर गोंद. अण्णा पायरीवर पाठ करून बसले होते. दोनदा तिचं चुकलं, थर्माकोलचे मणी उडाले, तरी ते वळले नाहीत. त्यांना न वळणं किती जड जात होतं ते त्यांच्या मानेवरून मला दिसत होतं. लोसा दार अर्धं उघडून बघत होती. इरानं तिला उलटा झालेला तुकडा दाखवून विचारलं, असं की असं? लोसानं बोटानं दाखवलं.

जागा सेफिनानं ठरवली. तिच्याच पुढच्या अंगणात, जास्वंदीजवळ. इरानं रोवला तर सेफिनानं उपटून चांगला दोन ढांगा मागे नेला. "ही वॉज अ बिग मॅन," ती म्हणाली. "त्याचे पाय रस्त्यावर येतील." मग आतून प्लास्टिकच्या फुलांची माळ आणून त्यावर घातली, आणि त्याच्याशी सामोअन भाषेत दोन शब्द बोलली. ते काय हे मी विचारलं नाही. बाजारात चाललेय, असंच काहीतरी असेल.

घरी येताना इरा अण्णांशी पहिल्यांदा बोलली. हॅलोविन होऊ दे, पण तिची एक अट होती. राक्षस सरकवायचा. कुंपणाला लागून उभा करायचा, तोंड जास्वंदीकडे. अण्णा म्हणाले, मग रस्त्यावरून त्याची नुसती एक बाजू दिसेल, भीती कोणाला वाटणार? इरा म्हणाली, त्याचं काम भीती दाखवणं नाहीये. मकरंदला हाक मारून त्यांनी तो सरकवला. बांबूचं एक टोक माझ्या गुलाबात शिरलं.

पण फळी तशीच होती. सोमवारी शाळेत दोघी शेजारी बसल्या का, असं मी विचारलं, तर इरा म्हणाली, लोसा आली, पण डोकं खाली घालून होती. आणि तू बोललीस? "नो."

संध्याकाळी हॅलोविन. इथे ऑक्टोबरच्या शेवटी सात वाजताही लख्ख उजेड असतो, त्यामुळे भुतं बिचारी उन्हातच हिंडतात. कापूस पिंजून केलेली कोळ्याची जाळी वाऱ्यानं उडून माझ्या वॉशिंग लाइनवर गेली होती. इरा टोपीत लॉली घेऊन नरकासुराजवळ उभी, अंगावर माझी काळी ओढणी. पलीकडे सेफिना ओट्यावर बसून वाटाणे सोलत होती, आणि तिच्या मागे लोसा, गुडघे पोटाशी घेऊन. आमच्या बाजूला बघत नव्हती.

आमच्या गल्लीत सगळीच घरं हॅलोविन पाळत नाहीत. थोडी मुलं आली, लहान लहान, आईचा हात धरून. नरकासुराला बघून एक परी रडली आणि अण्णा सुखावले. इरा न बोलता लॉली द्यायची. मुलं थँक्यू म्हणायची, ती मान हलवायची. मी ओट्यावरून बघत होते आणि मनात म्हणत होते, एक शब्द बोल ग बाळा, एकच.

मग मोठी मुलं आली. हायस्कूलची, चौघंपाचजण, सायकलवर, हुडी घातलेली, एकाच्या तोंडावर पांढरा मुखवटा. नरकासूर बघून त्यांनी सायकली टाकल्या. जीभ जँडलची आहे हे कळल्यावर फार हसली. चांगली मुलं होती, फक्त मोठी होती. मुखवटावाल्याची नजर जास्वंदीकडे गेली. कुंपण तिथे, रस्त्याकडच्या बाजूला, गुडघ्याएवढंच आहे, आणि राक्षस त्याच बाजूला बघत उभा. कोणालाही ते सगळं एकच अंगण वाटावं. तो कुंपण ओलांडून गेला, माळ उचलून स्वतःच्या गळ्यात घातली आणि दगडावर एक पाय ठेवून मित्रांना म्हणाला, फोटो काढा.

सेफिना उठली. तिच्या मांडीवरचे वाटाणे सांडले. मीही उठले, अण्णाही. पण आमच्या सगळ्यांच्या आधी इरा कुंपण ओलांडून पलीकडे होती. लॉलीची टोपी इकडेच पडली.

"दॅट वन्स रिअल," ती म्हणाली.

मुलगा थांबला. त्याला नीट ऐकू आलं नसावं. इराचा आवाज तेवढा मोठा नव्हताच कधी. ती त्याच्या पोटापर्यंत येत होती. तिनं श्वास घेतला आणि असा आवाज काढला जो मी तिच्या जन्मानंतर, पहिल्या रडण्यानंतर ऐकला नव्हता.

"दॅट वन्स रिअल. दॅट्स पापा इओआने. ही लिव्ह्ज हिअर. गेट युवर फूट ऑफ."

गल्लीच्या पार टोकाला कुत्रा भुंकायला लागला. मुलानं पाय काढला. दगडावरचं नाव वाचलं, मग ओट्यावरच्या सेफिनाकडे बघितलं, आणि मुखवटा वर सरकवला. आत एक गोल, घाबरलेला, सामोअनच चेहरा निघाला. त्यानं माळ गळ्यातून काढली आणि जिथून घेतली होती तिथेच, दोन्ही हातांनी, नीट बसवली.

"सॉरी, पापा," तो दगडाला म्हणाला. नंतर सेफिनाला काहीतरी सामोअनमध्ये म्हणाला, मान खाली घालून. तिनं उत्तर दिलं ते लांबलचक होतं आणि त्यात त्याच्या आईचं नाव होतं, एवढं मला कळलं, कारण ते ऐकून बाकीच्यांनी पटापट सायकली उचलल्या.

इरा अजून तिथेच उभी होती, दगडाच्या पुढे, हात बाजूला ताणून. मी जायला निघाले, पण अण्णांनी माझ्या दंडाला धरलं. "थांब," ते म्हणाले.

लोसा ओट्यावरून उतरली. वाटाण्यांवरून चालत आली. इराच्या शेजारी येऊन उभी राहिली, तिच्याकडे न बघता, रस्त्याकडे तोंड करून. थोड्या वेळानं म्हणाली, "यू सेड इट हीप्स लाऊड."

"आय नो," इरा म्हणाली.

"लाऊड लाइक पापा."

इरानं ह्यावर विचार केला. मग दोघी खाली बसल्या, दगडाच्या दोन बाजूंना, पाठ टेकून नाही, शेजारी बसावं तशा. सेफिना आत जाऊन परत आली आणि दोघींच्या मांडीवर पानात बांधलेलं काहीतरी गरम ठेवून गेली. पुढची मुलं आली ती आमच्या दाराकडे न येता सरळ त्या दोघींकडे गेली. इरा त्यांना सांगत होती, हा राक्षस आमचा आहे, त्याचे केस हिनं केलेत, हे हिचे पापा आहेत, इकडून जा, इकडून नाही, त्यांचे पाय आहेत तिथे. प्रत्येक मुलाला पहिल्यापासून सगळं सांगत होती. लॉली द्यायच्या राहूनच गेल्या. शेवटी अण्णांनीच जमिनीवरची टोपी उचलली आणि कुंपणाशी उभे राहून वाटायला सुरुवात केली.